फड्या निवडुंगातली अल्कलॉइड्स आणि कोरी प्लेट

गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यालगतच्या कुंपणावरून फड्या निवडुंगाची फडं प्रयोगशाळेत आली ती आधीच्या तपासणीचा शेरा घेऊनच: अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, अल्कलीधर्मी संयुग) नाही. खाली पद्धत दिली होती: आम्ल अर्क, मग कॉस्टिक सोड्याने पीएच 13. शंका आली ती तिथेच.

निवडुंगाच्या कुळात टायरामीन, एन-मिथाइलटायरामीन, हॉर्डेनीन ही भावंडं वारंवार सापडतात. तिन्ही फिनॉलं. इतक्या तीव्र अल्कलीत फिनॉलचा प्रोटॉन सुटतो, रेणू ऋणभारित होतो आणि पाण्यातच राहतो. क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतच नाही. मग अर्काचे घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणारी सिलिकाची प्लेट कोरी दिसणारच!

आधी झाडाची खात्री केली. गोव्यात कुंपणाला त्रिधारी निवडुंगही असतो. कापला की पांढरा चीक येतो, तो कॅक्टस नव्हेच. इथे चीक नव्हता, काटे लवदार ठिपक्यांतून झुबक्याने आलेले.

फडं 45 अंशांवर वाळवली. 5 ग्रॅम भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवली. थेट पाण्यात भिजवली तर बुळबुळीत गर सुटतो आणि पुढे दोन थर वेगळे होत नाहीत. मिथेनॉलमध्ये तो विरघळत नाही. मिथेनॉल उडवून उरलेलं सौम्य आम्लात घेतलं, गाळलं, अमोनियाने पीएच 9.5 वर आणलं. टायरामीन नुसत्या क्लोरोफॉर्ममध्ये नीट येत नाही, म्हणून त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं, 3:1.

पावसाळ्यात सिलिका प्लेट हवेतली ओल ओढते आणि स्पॉट सरकतात. त्यामुळे प्लेट 105 अंशांवर अर्धा तास तापवली, प्रमाण नमुने (ओळख पक्की असलेले शुद्ध पदार्थ) त्याच प्लेटवर शेजारी लावले. द्रावकात अमोनिया नसेल तर अमीनांना शेपट्या फुटतात. पण अमीनांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारण्याआधी अमोनिया पूर्ण उडाला नाही, तर अख्खी प्लेटच जांभळी होते. टायरामीनच्या उंचीवर स्वच्छ जांभळा ठिपका उमटला. अल्कलॉइडांना नारिंगी रंग देणाऱ्या ड्रॅगनडॉर्फ अभिकर्मकाच्या प्लेटवर कच्च्या अर्काचा नारिंगी ठिपका मात्र आरंभरेषेवरच अडकलेला होता. कोलीनही असाच रंग देतं, त्यामुळे केवळ नारिंगीवर नाव लिहिणं मला मान्य नाही.

नावं ठरली ती एलसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांच्या आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर. टायरामीनच्या 138 मधून अमोनिया गेला की 121; एन-मिथाइलटायरामीनच्या 152 मधून मिथाइलअमीन गेलं की तेच 121. मूळ वस्तुमानांतला फरक हायड्रोजनच्या जागी आलेल्या एका मिथाइल गटाचा, 14. स्तंभातून बाहेर पडण्याच्या वेळाही प्रमाण नमुन्यांशी जुळल्या. टायरामीन आणि एन-मिथाइलटायरामीन, दोन्ही पक्की. हॉर्डेनीनचं 166 उपकरणाच्या पार्श्वगोंगाटाच्या वर आलं नाही. अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहून शेजारी शोधमर्यादा (पद्धतीला दिसू शकणारं किमान प्रमाण) आणि अर्काचा पीएच नोंदवला.