धुणं कोण पिळतं?

साताऱ्याकडच्या एका गावात ज्येष्ठांच्या तपासणीचं शिबिर होतं. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे मुठीची ताकद मोजायचं काम माझ्याकडे. त्या दिवशीच्या दोन सख्ख्या जावा अजून डोक्यातून जात नाहीत.

हे मोजमाप नीट करावं लागतं. बाई बसलेली, कोपर अंगालगत आणि काटकोनात, मनगट किंचित वर, हात टेबलावर टेकलेला नको. यंत्राची मूठ दुसऱ्या खाचेत. प्रत्येकीला तेवढ्याच जोरात "दाबा, दाबा" म्हणायचं, तेही तीनदा. उभ्या उभ्या एकदाच दाबायला लावून आकडा लिहिणारे सहकारी मी पाहिलेत. गर्दी होती हे कारण मला पटत नाही.

थोरल्या आजींना आधी विचारलं, हातात ताकद कशी आहे? "चांगली हाय की! काय न्हाय झालं माझ्या हातांना." साडेचार किलोचं ओझं उचलायला त्रास होतो का, हा वयानुसार स्नायूंची ताकद घटलीय का याचा अंदाज घेणाऱ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी दळणाच्या डब्यावर आणून विचारते. त्यालाही नाहीच. जितका त्रास जास्त, तितके गुण जास्त; चार गुण झाले की पुढची तपासणी. आजींचा एकच झाला.

काटा मात्र चौदा किलोवर थांबला. पुन्हा दाबलं तरी तिथेच. म्हातारपणी स्नायू झिजण्याबद्दलच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषानुसार बायकांमध्ये अठराच्या खाली म्हणजे ताकद कमी. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठायला बारा सेकंदांच्या आत जमायला हवं. त्यांना सतरा लागले.

शेजारी उभी असलेली सून म्हणाली, "आत्या, धुणं मीच पिळते की आता." मग एकेक निघत गेलं. पीठ सून मळते, आजी फक्त भाकरी थापतात. बादली अर्धीच भरतात. दळण नातू आणतो. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. उरलेल्या कामाला त्यांचे हात खरोखरच पुरत होते.

धाकट्या जाऊबाई बसता बसताच म्हणाल्या, "माझं हात गेलं बघा." आकडा आला एकवीस! अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तर कळवळल्या. सांध्याची झीज असावी. रोज दोन म्हशींची धार त्याच अंगठ्यांनी काढतात. बळ आहे, पण वापरलं की दुखतं. नुसता आकडा बघून त्यांना "तुम्ही ठणठणीत" म्हणणं हा अन्याय झाला असता, आणि तो सर्रास होतो.

थोरल्या आजींनी विचारलं, "चौदा म्हंजे बरं का वाईट?" कमी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी हात पदराखाली घेतला. त्या हाताचं मला राहून राहून वाटतं. स्वतःला धट्टीकट्टी समजणारी बाई शेतात जाते, चार पावलं जास्त चालते. तो भरवसा मी काढून घेतला का? पण न सांगावं, तर न्हाणीत पाय घसरल्यावर धरायला बळ याच मुठीत हवं.

खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला, जेवणात डाळ-अंडी वाढवायला सांगितली. "मग धुणं मीच पिळीन," आजी म्हणाल्या. सून घाबरली. पाटावर बसून, आधी टॉवेल, मग झंपर, लुगडं इतक्यात नको, असं ठरलं.

तेव्हापासून प्रत्येकीला मी एक जादा प्रश्न विचारते: पूर्वी तुम्ही करायचात असं कोणतं काम आता दुसरं कोणी करतं? फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, वाढवता येणार नाही, असं वरून कळवलंय. उत्तरं मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिते.