गुण जमा करायचे की पुढे खेळायचं?

छोटीशी मऊ बॅग पायांनी हवेत खेळवत ट्रिक करायच्या, त्या फ्रीस्टाइल फूटबॅगच्या स्पर्धा आखणं आणि त्यात पंचगिरी करणं हे माझं काम. नवा प्रकार कागदावर कितीही चोख उतरला तरी खेळाडू त्यातून काय पळवाट काढतील हे सांगता येत नाही, म्हणून जाहीर करण्याआधी आम्ही चाचणी घेतो. त्या दिवशी अशीच एक चाचणी होती.

या खेळाला मुळात हार-जीत नव्हतीच. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये माइक मार्शल आणि जॉन स्टॉलबर्गर या दोघांनी तो रुजवला. स्टॉलबर्गर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, त्याला पाय मोकळा करायचा होता. पुढे बॅडमिंटनएवढ्या मैदानावर पाच फुटी जाळी लावून नेटचा प्रकार आला, तिथे कोण जिंकलं ते शेंबडं पोरही सांगेल. फ्रीस्टाइलचं तसं नाही. संगीतावर बसवलेलं रूटीन बघायला छान, पण गुण का मिळाले ते पंचांनाच ठाऊक. श्रेड थर्टीत तीस सेकंदांत किती अवघड आणि किती वेगवेगळ्या ट्रिक केल्या ते मोजतात. तिथे तर नवख्या प्रेक्षकाला नुसती पायांची गडबड दिसते.

अवघडपणा मोजायचं एकक म्हणजे अ‍ॅड. बॅग बुटाच्या टोकावर झेलून थांबवली की टो स्टॉल, एक अ‍ॅड. टेकलेल्या पायामागून दुसरा पाय आडवा घेऊन त्यावर झेलली की क्लिपर, दोन. त्याआधी हवेतल्या बॅगेभोवती एक पाय फिरवला तर बटरफ्लाय, तीन. टॉर्क, ब्लरी व्हर्ल या त्याहून अवघड ट्रिक; टॉर्कला चार, ब्लरी व्हर्लला पाच. हे सगळं साधारण सेकंदाला एक या वेगाने चालतं.

आमचा नवा प्रकार असा: समोरासमोर दोन खेळाडू, बॅग एकच. ज्याच्याकडे बॅग, त्याची खेळी. खेळीतले अ‍ॅड तात्पुरते; ‘जमा’ असं ओरडलं की ते खात्यात जातात आणि बॅग समोरच्याकडे. त्याआधी पडली तर त्या खेळीतलं सगळं गेलं. तीच ट्रिक पुन्हा केली तर शून्य, मात्र डाव्या आणि उजव्या बाजूची वेगळी धरायची. हे शेवटचं कलम मला फार आवडायचं, कारण बहुतेकांची एक बाजू लंगडी असते आणि ती झाकण्यात त्यांची हयात जाते.

पहिल्याच सामन्यात खेळाडूंनी नियमांचा जीव काढला. दोन ट्रिक, जमा. दोन ट्रिक, जमा. धोका कोण कशाला पत्करेल? मग दहा अ‍ॅडच्या आत जमा करता येणार नाही असं ठरवलं आणि खेळात जरा धुगधुगी आली. तेवढ्यात एकाने बॅग खाली येताना ‘जमा!’ म्हणून आरोळी ठोकली आणि बॅग बुटाला लागून घरंगळली. आरोळी आधी की पडणं आधी? एक पंच म्हणाला आधी आरोळी, दुसरा म्हणाला छे. दोघेही चांगले पंच, आणि दोघांचंही मला पटत होतं.

वाद चालू असताना भिंतीला टेकून बसलेली एक खेळाडू म्हणाली, “ओरडायचं कशाला? टो स्टॉलवर थांबवू दे ना. पंच एक-दोन मोजतील, तोवर टिकली तर जमा.” हे इतकं सोपं होतं की क्षणभर कोणी काही बोललंच नाही. टो स्टॉल हा शिकायला आलेल्याचा पहिला धडा. स्पर्धेत त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

दुपारी आमच्यातला सर्वांत तयारीचा खेळाडू उतरला. टॉर्क, मग ब्लरी व्हर्ल, मग टॉर्क दुसऱ्या बाजूने. तेरा अ‍ॅड झाले तरी तो थांबेना. एव्हाना हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे काका दारात येऊन उभे होते. त्यांना टॉर्क आणि बटरफ्लायमधला फरक माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण जमा कसं करतात ते त्यांनी दोन खेळींत हेरलं होतं. “अरे थांब की आता!” ते ओरडले. माझी पंचगिरी तिथल्या तिथे ढिली पडली. मी स्कोअरशीटऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिलो. फ्रीस्टाइल बघताना परक्या माणसाला खेळाडूची काळजी वाटलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तो आणखी एक ब्लरी व्हर्ल करून, उलट्या बाजूची, मगच थांबायला गेला. बॅग बुटाच्या टोकावर आली, पंचांनी ‘एक’ म्हटलं आणि ती कडेवरून सुटली. अठराच्या अठरा अ‍ॅड गेले. प्रतिस्पर्ध्याने गाठीला असलेल्या बारा अ‍ॅडवर सामना जिंकला.

नंतरच्या चर्चेत त्याने आवाज चढवला नाही, पण मुद्दा सोडला नाही. “पाच अ‍ॅडची ट्रिक दोन्ही बाजूंनी केली, आणि निकाल लागला एक अ‍ॅडच्या टो स्टॉलवर. मग हे फ्रीस्टाइल कसलं?” ब्लरी व्हर्लनंतर शरीराचा तोल आणि लय टो स्टॉलसाठी अगदी चुकीच्या जागी असते, निदान क्लिपरवर जमा करू द्या, असं त्याचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण क्लिपरमध्ये बॅग पायामागे जाते. समोरच्या रांगेतून ती थांबली की नाही ते दिसत नाही, आणि दारातल्या काकांना तर मुळीच दिसलं नसतं. मी नाही म्हणालो. त्याला पटलं नाही, सकाळी भांडलेल्या दोन पंचांपैकी एक त्याच्या बाजूने गेला.

शेवटी मसुद्यात टो स्टॉल ठेवला आणि मोजणी एकवर आणली. पुन्हा केलेली ट्रिक टिपायला एक वेगळा पंच नेमला, कारण अ‍ॅड आणि पुनरावृत्ती दोन्ही एका डोक्यात मावत नाहीत हे संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं होतं. क्लिपरचं कलम कंसात, प्रश्नचिन्ह घालून ठेवलं आहे. पुढच्या चाचणीत अर्धे सामने तसे खेळवू, आणि काका बसतात त्या दारातून त्यांचं चित्रण करू.