हरभऱ्याचं ओलित आणि ताऱ्यांचा उजेड

६ जून २०१२ ला सकाळी शाळेच्या मैदानावर सौरचष्म्यातून शुक्राचं अधिक्रमण पाहिलं होतं. सूर्यावर एवढासा काळा ठिपका. दूरच्या ताऱ्यांसमोरूनही असाच ग्रह सरकतो, ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि त्यावरून ग्रह सापडतो, हे पुढे वाचलं. गेल्या हिवाळ्यात ते काम माझ्याच हाती आलं.

आमच्याकडे कृषिपंपाची लाईन काही दिवस रात्रीचीच असते. बाबा हरभऱ्याच्या ओलिताला वावरात गेले की ते येईस्तोवर मला झोप लागत नाही. त्या वेळात लॅपटॉप उघडायची. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'प्लॅनेट हंटर्स टेस' प्रकल्पात कुणालाही भाग घेता येतो. 'टेस' ही नासाची अवकाश दुर्बीण, एप्रिल २०१८ मध्ये सोडलेली. आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे ती साधारण २७ दिवस पाहत राहते. तिने मोजलेला ताऱ्याचा उजेड पडद्यावर ठिपक्यांच्या रांगेसारखा येतो. रांगेत खड्डा दिसला की त्यावर चौकट ओढायची.

पहिले आठ दिवस सगळं चुकलं. डेटा पृथ्वीवर पाठवताना मोजणीत पडणारा खंडही मला ग्रह वाटायचा. मग फसवलं जोडताऱ्यांनी. एक तारा दुसऱ्याला झाकतो तेव्हा बरेचदा खोल, टोकदार खड्डा पडतो. ग्रहाचा बहुधा उथळ, बुडाशी सपाट. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तरी उजेड जेमतेम एक टक्का घटतो. पृथ्वीएवढा असेल तर त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी! प्रकल्पवाले मधूनमधून बनावट खड्डे टाकतात आणि नंतर तसं सांगतात. ते सापडायला लागले तेव्हा कुठे डोळा बसला.

वारंवार येणारा खड्डा संगणक शोधतो. एकदाच पडलेला त्याच्याकडून सुटू शकतो, तिथे माणसाची नजर लागते. टीओआय-४६३३ सी हा ग्रह असाच हौशी लोकांच्या नजरेला पडला. २०२४ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. त्याचं वर्ष २७२ दिवसांचं, म्हणजे जूनमध्ये पऱ्हाटी टोबल्यापासून पऱ्हाट्या उपटेपर्यंतचा काळ. बाबांना असं सांगितल्यावर लगेच कळलं.

"मंग तिथं लोकं हायेत का वं?"

पृथ्वीच्या तिप्पट रुंद, नेपच्यूनच्या जातीचा ग्रह. पाय टेकायला जमीन असण्याची शक्यता कमीच, म्हटलं.

जानेवारीत एका ताऱ्यावर मीही चौकट ओढली. एकच खड्डा, उथळ, सपाट. तोच आलेख इतर अनेकांनाही दाखवतात, त्यांच्या खुणा जुळल्या तरच तो पुढे जातो. बाबांच्या ओलिताच्या वहीत, मोटरच्या तासांखाली, त्या ताऱ्याचा क्रमांक लिहून ठेवलाय.