हिरांचा नकाशा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘भौतिकशास्त्राच्या तासाला मूळ रहिवाशांचं पारंपरिक ज्ञान कशाला? शेवटी पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, हेच ना?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

मुळीच नाही. त्या वाक्यानं माझं डोकं उठतं. सगळं ठाऊकच होतं म्हटलं की तपासायचं काय उरलं?

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर झावळ्यांचे हीर बांधून नकाशे करत. बेटांच्या जागी छोटे शिंपले. वाकवलेले हीर म्हणजे रस्ते नव्हेत, बेटाला वळसा घालणाऱ्या लाटा! त्यातला ‘मत्तांग’ हा प्रकार तर निव्वळ शिकवण्यासाठी. एकेका बेटाची नेमकी जागा दाखवायचा तो खटाटोपच करत नाही. बेट आडवं आलं की लाटा कशा वळतात, एवढंच दाखवतो. नावाडी हे नकाशे किनाऱ्यावरच घोकत. समुद्रात होडीचे हेलकावे अंगाला काय सांगतात, त्यावर भिस्त.

पूर्वी अपवर्तनाची, म्हणजे वेग बदलला की लाट वाकते त्याची, व्याख्या फळ्यावर लिहून झाली की मी हे तोंडी लावायला सांगायचे. मुलं वही मिटत मिटत ऐकायची. आता हीर आधी येतात. ‘हा सरळ, मग हा वाकडा का?’ एवढंच विचारते. मग काचेच्या तळाचा ट्रे, थोडं पाणी, एका बाजूला बुडवलेली तिरकी काच आणि पट्टीनं एका लयीत हलके धक्के. वर दिवा, खाली पांढरा कागद. कागदावर लाटांच्या रेघा सरकतात, आणि काचेवरच्या उथळ पाण्यात शिरल्या की मंदावून वाकतात. कुणीतरी ओरडतंच, ‘अरे, हीर!’ सूत्र त्यानंतर: उथळ पाण्यातल्या लांब लाटांचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, खोली पाव झाली की वेग निम्मा.

ऑस्ट्रेलियातली वुमेरा, म्हणजे भाला फेकायची काठी, तरफेच्या धड्यात येते. हात लांबवायची युक्ती. ती अर्ध्या तासात आटोपते.

लाटा मात्र आटोपत नाहीत. दोन बेटांमधली ‘दिलेप’ नावाची लाटांची वाट तिथले नावाडी ओळखतात. आमच्या ट्रेमध्ये ती काही दिसेना. दोन काचा ठेवल्या, कोन बदलले, दुसऱ्या बाजूनंही धक्के दिले. तास संपला. ट्रे उचलायचा नाही, असं मुलांनी मलाच बजावलंय.