धुक्यातली एक गोळी आणि दोन 'इन्सॉम्निया'

रीमेकची मूळ सिनेमाशी तुलना बहुतेक वेळा नटांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. 'इन्सॉम्निया'च्या (म्हणजे निद्रानाश) बाबतीत तो मोह फारच मोठा, कारण एकीकडे स्टेलान स्कार्सगार्ड आहे आणि दुसरीकडे अल पचिनो. पण या दोन सिनेमांतला खरा फरक हॉटेलातल्या जेवणाच्या एका प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग मूळ सिनेमात नाहीच. (पुढे दोन्हींचे शेवट उघड केले आहेत. बघायचे असतील तर बघून या, आणि 1997 चा मूळ सिनेमा आधी बघा.)

सांगाडा एकच आहे. उत्तरेकडच्या एका गावात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, एका शाळकरी मुलीचा खून होतो. खुन्याने प्रेत धुतलंय, केस धुतलेत, नखं कापलीत. बाहेरून आलेला नावाजलेला डिटेक्टिव्ह सापळा लावतो: मुलीची बॅग पोलिसांना सापडली आहे, तरी ती अजून शोधत असल्याची बातमी सोडायची आणि खुनी ती न्यायला आला की धरायचा. खुनी येतो, निसटतो, धुक्यात शिरतो. पाठलागात डिटेक्टिव्हला समोर एक आकृती दिसते, तो गोळी झाडतो, आणि पडतो तो त्याचाच जोडीदार. गोळी खुन्याचीच असणार असं सगळे धरून चालतात आणि हा ते खोडत नाही. खुनी लेखक आहे. त्याने सगळं पाहिलंय.

एरिक शोल्डब्यार्गचा नॉर्वेजियन सिनेमा 1997 चा, जेमतेम दीड तासाचा. क्रिस्टोफर नोलनचा अमेरिकन रीमेक 2002 चा, 118 मिनिटांचा, पटकथा हिलरी साइट्झची. वाढलेल्या वेळातला बराचसा भाग एकाच प्रश्नावर खर्च झालाय: याने खरं का सांगितलं नाही?

मूळ सिनेमात याचं उत्तर क्षुल्लक आहे, आणि भीती त्या क्षुल्लकपणाचीच वाटते. डिटेक्टिव्ह योनास एंगस्ट्रॉम स्वीडिश आहे. नॉर्वेचे पोलीस तेव्हा एरवी पिस्तूल लावून फिरत नसत. हा मात्र स्वतःचं घेऊन फिरतोय. एका साक्षीदार बाईबरोबर सापडल्यामुळे स्वीडनमध्ये त्याची आधीच शोभा झालेली आहे. मेलेल्या जोडीदाराशी वैर नाही, त्याच्या मरणात फायदा नाही. खरं सांगितलं असतं तर नाचक्की झाली असती, चौकशी झाली असती, कदाचित नोकरी गेली असती. एवढ्यासाठी तो खोटं बोलतो, आणि मग ते खोटं निस्तरण्यासाठी एकेक पायरी खाली उतरत जातो.

रीमेकमध्ये साइट्झने जेवणाचा प्रसंग घातला. इथला डिटेक्टिव्ह विल डॉर्मर लॉस एंजलिसचा. तिथे त्याच्या खात्यात अंतर्गत चौकशी चालू आहे, आणि जोडीदार हॅप जेवताना सांगतो की मी तडजोड करतोय, माहिती देणार आहे. डॉर्मरने एका बालहत्येच्या प्रकरणात पुरावा पेरला होता. ते बाहेर आलं तर त्याने आत पाठवलेले कितीतरी गुन्हेगार सुटतील. यानंतर धुक्यात गोळी सुटते. आता प्रश्न 'का लपवलं' एवढाच राहत नाही. मुद्दाम मारलं का, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर खुद्द डॉर्मरलाही देता येत नाही. ही भर सोपी नाही आणि स्वस्तही नाही. रीमेकने मूळ कथा पातळ केली, ही तक्रार इथे लागू पडत नाही. त्याने वेगळा प्रश्न विचारला.

पण हेतू दिला की त्याची भरपाईही करावी लागते. ज्याच्यावर खुनाचा संशय घ्यायचा त्याच्याबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती राहायला हवी, म्हणून बाकीची पापं त्याच्या अंगावरून उतरवावी लागतात. ती कुठे कुठे उतरवलीत ते मोजता येतं.

कुत्रा घ्या. जोडीदाराच्या अंगातून निघालेली गोळी डिटेक्टिव्हच्या पिस्तुलाशी जुळणार, म्हणून ती बदलायला खुन्याच्या हत्यारातून सुटलेली गोळी हवी. खुन्याचं पिस्तूल धुक्यात डिटेक्टिव्हलाच सापडलेलं असतं. गोळी मऊ मांसात घुसून निघालेली दिसली पाहिजे; भिंतीत मारली तर ती चेपते आणि प्रयोगशाळेत लगेच कळतं. एंगस्ट्रॉम त्यासाठी जिवंत कुत्रा मारतो. डॉर्मरला गल्लीत मेलेला कुत्रा सापडतो. तांत्रिक गरज तीच, पण एका शॉटमध्ये माणूस बदलला.

पिस्तूल पेरणं घ्या. मूळ सिनेमात एंगस्ट्रॉम स्वतः ते मुलीच्या मित्राच्या खोलीत ठेवतो, म्हणजे निरपराध पोराला अडकवायला निघतो. रीमेकमध्ये डॉर्मर ते खऱ्या खुन्याच्याच घरात दडवतो; तिथून उचलून पोराच्या घरी नेण्याचं काम खुनी, फिंच, करतो. पोरगा दोन्हीकडे अडकतो, पण हात बदलले.

हॉटेलच्या स्वागतिकेचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. मूळ सिनेमातल्या आनेवर एंगस्ट्रॉम जबरदस्ती करायला जातो. त्याआधी मृत मुलीच्या मैत्रिणीला गाडीत बसवून तिच्या मांडीवर हात ठेवतो. रीमेकमध्ये मैत्रिणीला घाबरवण्यासाठी डॉर्मर गाडी समोरून येणाऱ्या ट्रकवर घालतो: क्रूर आहे, पण तपासाच्या कामाचं. आणि हॉटेल सांभाळणाऱ्या रेचलजवळ तो कबुली देतो. जिथे मूळ सिनेमाने माणसाचा शेवटचा पडदा फाडला, तिथे रीमेकने त्याला कबुलीजबाबाची खुर्ची दिली.

दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतील तर दृश्यांच्या सौंदर्यावर नोंदी करू नका. कागदावर तीन रकाने आखा: वाईट काम कोणतं, मूळ सिनेमात ते कोणी केलं, रीमेकमध्ये कोणी केलं. कुत्रा, पिस्तूल, मैत्रीण, स्वागतिका, पुंगळी (झाडलेल्या काडतुसाची, तिच्याबद्दल पुढे), एवढ्या पाच ओळी भरल्या तरी रीमेकचा सगळा नकाशा हाती येतो. गडबड होते ती रीमेक आधी पाहिला तर. मग एंगस्ट्रॉमच्या प्रत्येक कृत्यामागे आपण हॅपसारखं काहीतरी कारण शोधत बसतो आणि सिनेमा अपुरा वाटतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. गुन्हेपट अंधारात घडतात. हे दोन्ही उजेडात घडतात. शोल्डब्यार्गचा उजेड पांढरा, आजारी, भिंतींतून पाझरल्यासारखा. त्याची कथा घडते ते नॉर्वेतलं ट्रॉम्सो 69 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे, तिथे मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य खरोखरच मावळत नाही. नोलनच्या कथेतलं अलास्कामधलं नाइटम्यूट हे खरं गाव आहे, पण ते आर्क्टिक वर्तुळाच्या बऱ्याच खाली आहे. तिथे जूनमध्येही सूर्य काही तास क्षितिजाखाली जातो. सिनेमाने ही सूट घेतली आणि ती कोणाला खटकत नाही, कारण वॉली फिस्टरचा कॅमेरा उजेडाकडे डॉर्मरच्या डोळ्यांनी बघतो. त्याने सामान लावून खिडकी बुजवलेली असते आणि तरी त्याला खोली लख्ख दिसते. रेचलला मात्र ती अंधारी वाटते. मूळ सिनेमाचं पार्श्वसंगीत गेइर येन्सेनचं ('बायोस्फिअर' या नावाने तो संगीत करतो), तो ट्रॉम्सोचाच. हेडफोन लावून ऐका, छोट्या स्पीकरवर त्यातला खालचा थर हरवतो.

फिंचच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स चांगलाच आहे. पण फिंच फार बोलतो. आपण दोघं सारखेच, हे तो डॉर्मरला इतकं समजावतो की आपल्याला ते शोधायला उरत नाही. डॉर्मर हे नावच फ्रेंचमधल्या 'झोपणे' या क्रियापदाची आठवण करून देतं. इतका इशारा पुरला असता.

आता पुंगळी. दोन्हीकडे तरुण पोलीस बाईला घटनास्थळी काडतुसाची पुंगळी मिळते. रीमेकमधल्या एली बरने डॉर्मरची जुनी प्रकरणं वाचलेली आहेत, त्यामुळे नऊ मिलिमीटरच्या पुंगळीवरून तिला त्याचं राखीव पिस्तूल आठवतं. फिंचबरोबरच्या गोळीबारात डॉर्मर जखमी होतो, एली पुंगळी पाण्यात टाकायला निघते, तो तिला थांबवतो आणि मरतो. त्याला झोप मिळते. मूळ सिनेमात खुनी सडक्या फळ्यांतून पाण्यात पडून मरतो, हिल्डे हागेन पुंगळी एंगस्ट्रॉमसमोर ठेवते आणि निघून जाते. अटक नाही, कबुली नाही. तो गाडीत बसतो. पडदा काळा होत जातो आणि शेवटी त्यात फक्त त्याचे दोन डोळे उघडे राहतात.