मौजाचा इतिहास मिसलीत असतो

नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्याचा इतिहास लिहायला बसलं की आधी मारुतीचं देऊळ, मग गावाचं नाव कसं पडलं, आणि तिथंच गाडी अडते. खरा ऐवज जुन्या महसुली कागदांत असतो. नकलेच्या अर्जात मौजा, तहसील आणि पटवारी हलका नंबर (प.ह.नं., म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीचा क्रमांक), तिन्ही लिहा. एकाच नावाची गावं दोन-चार तहसिलींत सापडतात; प.ह.नं. चुकला की भलत्याच गावाचा कागद हातात पडतो.

आधी 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाच्या नावे याची नोंद काढा, मग त्यामागची बंदोबस्त मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवताना (बंदोबस्तात) तयार झालेलं गावाचं दफ्तर. आजचा नंबर धरून थेट मिसलीत शिरू नका, कारण जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावांत खसऱ्यांचे, म्हणजे जुन्या शेतनंबरांचे, गट झाले. बंदोबस्ताचा आणि आजचा, दोन्ही नकाशे शेजारी पसरा, तलावाची पाळ आणि पांदण जुळवा, मग धुरे (शेताच्या हद्दी) आपोआप लागतात.

भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांना, मालकी हक्क मिळाले आणि ते 31 मार्च 1951 ला संपले. जुन्या कागदांत ‘सीर’ आणि ‘खुदकास्त’ अशा नोंदी दिसतात, म्हणजे मालगुजाराची घरची वहीत. या नोंदी नकाशावर रंगवून पाहा. सपाट काळी कोणाकडे आणि माथ्यावरची बरड कोणाच्या वाट्याला, हे रंगच सांगतात. गावाच्या सत्तेचा याहून चोख पुरावा मला तरी माहीत नाही.

भूगोलात जिल्ह्याचे दोन तोंडवळे. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे बेसाल्टची काळी माती, कापूस आणि संत्रा. पूर्वेला रामटेक, मौदा, कुहीकडे धानाच्या बांध्या, बोड्या (लहान तळी) आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. संत्र्याने मातीची जुनी प्रतवारी उलटीपालटी केली. गव्हाला उत्तम ठरलेल्या खोल, चिकण काळीत पावसाळ्यात पाणी थांबतं, मुळं सडतात, बुंध्यातून डिंक गळतो. बागेला खाली मुरूम असलेली, निचऱ्याची जमीन लागते. जमीन मोरंड (मध्यम काळी) की खरडी (उथळ, हलकी), हे ओळखायला विहिरीची उघडी कड पुरे: वर काळी माती, मध्ये चुनखडीचे खडे, खाली मुरूम. प्रत्येक थर टेपने मोजा, विहीर कोणत्या खसऱ्यात आहे तेही टिपा.

काही मौजांच्या नावापुढे ‘रिठी’ असतं, म्हणजे वस्ती उठलेली, शेती चालू. जनगणनेत अशा गावाची लोकसंख्या शून्य दिसते, म्हणून ते यादीतून गाळू नका. वस्ती का उठली याचं उत्तर दरवेळी 1896-97 किंवा 1899-1900 चा दुष्काळ नसतं. आधी गावठाणापासून पाणी किती दूर ते बघा.

शेवटी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांची आणि वहिवाटीची नोंद. चराई, आखर (गुरं जमवायची जागा), मसणवट, गाडीवाट, तलावाच्या पाण्याचा वापर यांच्या नोंदी इथं मिळतात. पांदणीवरून वाद चालू असेल तर या दोन्हींच्या प्रमाणित नकला घ्या. साध्या झेरॉक्सवर कोणी विश्वास ठेवत नाही.