देवाशी भांडणारे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हटल्यावर क्रीडांगण, सहल, छडी असं बरंच आठवलं. पण आमच्या भागातल्या माणसाला शाळेबद्दल लिहायचं तर 30 सप्टेंबर 1993 ओलांडून जाता येत नाही. मी तेव्हा नववीत होतो.

आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. गुलाल धुवायचा कंटाळा करून पोरं तशीच झोपली. पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. पुढे पाऊस लागला. सरपण नव्हतं, म्हणून पडक्या घरांच्याच तुळया चितेला लावल्या. माझा धाकटा भाऊ त्यात गेला. आमच्या मराठीच्या सरांची बायको आणि मुलगी गेली.

मदत घेऊन येणाऱ्यांत उपदेश करणारेही असत. 'देवाची मर्जी', 'पापाचा घडा भरला'. पाच वर्षांच्या पोराचा कसला घडा? त्या लोकांचा राग अजूनही पूर्ण गेलेला नाही.

दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. सर आले, हजेरी घेतली. काही नावं त्यांनी वाचली नाहीत. मग तुकोबांचा अभंग काढला. 1630 च्या दुष्काळातला, 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. अर्थ सांगितलाच नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही अजून देव मानता?"

"मानतो की. नाहीतर रात्रभर भांडतो कुणाशी?"

आणि फळ्यावर लिहिलं, 'माझे लेखीं देव मेला'. आम्हाला वाटलं, हे सरांचंच. तर तेही तुकोबांचंच निघालं! मग जनाबाई, 'अरे विठ्या अरे विठ्या । मूळ मायेच्या कारट्या'. वर्गात कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. सर म्हणाले, "वारकऱ्यांनी हे गाथेतून खोडलं का? नाही. जपून ठेवलं, टाळ वाजवून म्हटलं. तेव्हा ज्याला शिव्या द्यायच्यात त्याने द्याव्यात. गप्प बसू नका फक्त."

सरांनी श्रद्धा शिकवली असं मी म्हणणार नाही. माझी आजही धड नाही. कधी असते, कधी महिनोन् महिने पत्ता नसतो. पण शंका आली म्हणजे आपण देवाच्या दारातून हाकलले गेलो, ही भीती त्या तासाला गेली.

आमच्या आजीने तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं. आईने फार विनवण्या केल्या. शेवटी समजूत घालायला सरांना बोलावलं. आजी म्हणाली, "बसू द्या की अंधारात. आमी बसलाव तसं."

सरांनी चहा संपवला. म्हणाले, "बरोबर आहे. राहू द्या अजून थोडे दिवस."

आईला ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आषाढीच्या आधी आजीने आपणहून डबा उघडला. का, ते कुणाला सांगितलं नाही. ओट्यावर बसून एकेक देव चिंचेने घासत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, ओव्या असतील. जवळ जाऊन ऐकलं, तर शिव्या होत्या.